बांगड्याची चिठ्ठी

निम्मा रस्ता मागे पडला तेव्हा दादा थांबला आणि म्हणाला, "चपलेत खडा गेलाय."

खडाबिडा काही नव्हता. धाकटी बघत होती. त्याने डाव्या हाताने चप्पल काढली, डाव्याच हाताने झटकली, एका पायावर डगमगत पुन्हा घातली. उजवा हात काही खिशातून बाहेर आला नाही.

"बसायचं का जरा?" तिने विचारलं.

"बसायला काय झालं? खडा होता, गेला."

या थोरल्या भावाची रीत तिला पन्नास वर्षं ठाऊक होती. त्याला काही सांगायचं असलं की तो आधी भरपूर दोरी सोडायचा. मध्येच ओढायला गेलं की तुटायची.

दोघं शहरातून घराकडे निघाले होते. बस चुकली नव्हती, दादाने चुकवली होती. थांब्यावर बस आली, दार उघडलं, कंडक्टर "चला चला" म्हणाला, आणि हा म्हणाला, "चालत जाऊ. वारा पडलाय, ऊनही फार नाही." शहरापासून बंदर दहा किलोमीटर. सगळा रस्ता समुद्राच्या भिंतीला धरून जाणारा, एका बाजूला गोदामं आणि बर्फाचा कारखाना, दुसऱ्या बाजूला पाणी. धाकटीचे गुडघे काही या रस्त्याचे राहिले नव्हते. पण दादा स्वतःहून काही मागेल असा माणूस नाही, म्हणून ती निघाली.

सकाळी तिने नवऱ्याला सांगितलं होतं, डोळे तपासायला जाते. दादाने सांगितलं होतं, इंजिनाचा पट्टा बघायला जातो. दोघांची दोन खोटी एकाच बसमधून शहरात गेली आणि नसांच्या डॉक्टरांच्या दारात उतरली. निघण्याआधी देवासमोर हात जोडताना तिने आगाऊच माफी मागून ठेवली होती. अशी आगाऊ माफी चालते की नाही, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. त्यांनी दादाला बोटं पसरायला लावली, कागदावर गोल काढायला लावला, डोळे मिटून नाकाला बोट लावायला लावलं. मग म्हणाले, "हाताचा कंप आहे. बऱ्याचदा घराण्यात असतो. गोळीने कमी होईल, पण पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. काम काय करता?"

"मासे पकडतो," दादा म्हणाला.

"मग काय, जाळं ओढायला काही अडचण नाही. घड्याळं दुरुस्त करत असता तर काळजीची गोष्ट होती."

दादा हसला. धाकटीला मात्र वाटलं, या भल्या माणसाला हाताला धरून बसवावं आणि सांगावं, डॉक्टरसाहेब, हा घड्याळंच दुरुस्त करतो. पण दादा हसला तशी तीही हसली, आणि दोघं बाहेर आले.

बंदरावर दादाला 'हळू' म्हणत. कोणी 'हळूशेठ' म्हणे, चिडवायचं असलं की 'हळूबाई'. बाकीचे लोक मोठ्या बोटींवर जाळी घेऊन जात, आणि जे गळ टाकत ते बोटाएवढ्या जाड दोरीने टाकत. मासा लागला की चौघांनी मिळून ओढायचा. दादाच्या हातात एक लवचिक काठी, तिला रीळ, आणि रिळावर शिलाईच्या दोऱ्याहून थोडंसं जाड नायलॉनचं तंगूस. एवढ्याशा दोऱ्यावर त्याने माणसाच्या वजनाचे कुपे मासे काढले होते. लोक बघायला येत आणि नावं ठेवून जात.

"काय हळू, मासा काढतोयस की झोपवतोयस?"

"झोपवतोय. तुझ्यासारखा आरडाओरडा करून उठवायचा नाही मला."

बारीक दोरा का, हे त्याने धाकटीला ती सात-आठ वर्षांची असताना सांगितलं होतं, आणि त्याला बाबांनी. खोल समुद्रात पाणी काचेसारखं असतं. मोठ्या माशाला जाड दोरी दिसते. आणि दिसली नाही तरी जाड दोरीला आमिष म्हणून लावलेला जिवंत बांगडा दावणीला बांधल्यासारखा पोहतो. मोठा मासा काही खुळा नसतो. बारीक दोऱ्यावरचा बांगडा मोकळा पोहतो, आपण बांधलेले आहोत हे त्याला स्वतःलाच कळत नाही. म्हणून गळही छोटा, तोही पाठीच्या काट्यापुढे कातडीतून नुसता ओवायचा. मांसाला लागता कामा नये. बांगडा जिवंत राहिला पाहिजे. इंजिन बंद, रीळ मोकळं, आणि दोऱ्यावर उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं पहिलं बोट. ते बोट म्हणजे सगळं.

कारण बांगडा सांगतो. खाली मोठा मासा आला की तो आधी थबकतो, मग थरथरतो. ती थरथर दोऱ्यातून चाळीस हात वर चढून बोटात येते. बाबा तिला 'चिठ्ठी' म्हणायचे. "चिठ्ठी आली" म्हटलं की बोटीवर कोणी खोकायचंही नाही. मग दोरा सुटू लागतो. तेव्हा ओढायचं नाही. दहा वेळा देवाचं नाव घ्यायचं आणि मग रिळाचा ब्रेक लावायचा. नऊ वेळा घेतलं तर मासा सुटतो, अकरा वेळा घेतलं तर गळ पोटात जातो. दादा एरवी देवाच्या वाटेला जाणारा नव्हता.

"तू देवाचं नाव फक्त माशासाठी घेतोस," धाकटी म्हणायची.

"देवालाही ते माहीत आहे," तो म्हणायचा. "म्हणून नऊ वेळा ऐकून सोडतो आणि दहाव्याला लक्ष देतो."

अशा कामाला दोन माणसं लागतात. काठीवर एक, सुकाणूवर एक. मासा पळतो तिकडे बोट न्यायची, तो खाली बसला की बाजूला घ्यायची, दोरा कडेला घासू द्यायचा नाही. बावीस वर्षं सुकाणूवर धाकटीचा नवरा होता. बंदरावर सगळेच त्याला 'दाजी' म्हणत. दादा दाजी म्हणे, म्हणून पोरंटोरंही दाजी म्हणू लागली होती. दाजी बडबड्या, दादा घुमा. वहिनी गेल्यापासून दादा जेवायलाही धाकटीकडेच असायचा. ताटावर बसलं की एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने मीठ मागायचं, एवढाच त्यांचा संवाद. पण बोटीवर दादा एक शब्द बोलायचा आणि दाजी तो शब्द पडायच्या आत ऐकायचा.

तो शब्द म्हणजे 'मागे'.

मासा थकून बोटीला लागला की काम संपलं असं बघणाऱ्याला वाटतं. मासा आडवा झालेला असतो, डोळा आकाशाकडे. दादा दोरा बोटांत घेऊन शेवटचे दोन हात ओढतो. दाजी गुडघे फळीला टेकवून कमरेपासून बाहेर वाकतो आणि लोखंडी आकडा माशाच्या गालात घालतो. आकडा समुद्रात जाऊ नये म्हणून त्याच्या मुठीची दोरी मनगटाला गुंडाळलेली असते. आणि हा मेल्यासारखा मासा कधी कधी मेलेला नसतो. त्याच्यात एक उसळी शिल्लक असते. तेव्हा आकडा लागलेला असला तर मासा जाईल तिकडे मनगट जातं, आणि मनगटामागून माणूस. पण उसळीच्या आधी एक बारीक शहारा दोऱ्यातून येतो. तो बोटाला कळतो. "मागे हो" म्हटलं की दाजी न बघता मागे पडायचा, कधी पाठीवर, कधी टाकीवर. बावीस वर्षं तो न बघता पडत आला होता.

तीन आठवड्यांपूर्वी दाजी घरी आला तो छाती धरूनच. उजव्या बरगड्या निळ्याजांभळ्या, खांदा उतरलेला. "पाय घसरला," म्हणाला. धाकटीने मिठाच्या पुरचुंडीने शेकलं, आणि शेकता शेकता फैलावर घेतलं. पन्नाशी उलटली तरी पाय कुठे ठेवावा कळत नाही म्हणून. तो हसायला गेला तर बरगडी दुखली. मग आठ दिवस वाऱ्याचे आले, मग आणखी आठ. बोट बांधलेलीच राहिली. आज सकाळी वारा पडला आणि दाजी उठला तो कानस घेऊन दारात बसला. आकड्याचं टोक घासत होता. "उद्या पहाटे निघू," म्हणाला. "पाणी बघ कसं झालंय."

पाणी खरंच विचित्र झालं होतं. एरवी या भिंतीवर लाटा आपटतात, रस्त्यापर्यंत तुषार येतात. आज तेल ओतल्यासारखं सपाट. क्षितिजाची रेघ दिसत नव्हती, आभाळ आणि पाणी एकाच राखाडी कापडाचं. आणि पक्षी नव्हते. बर्फाच्या कारखान्याच्या छपरावर नेहमी शे-दीडशे बसलेले असतात. छप्पर रिकामं होतं.

"एवढं गप्प पाणी बरं नसतं," धाकटी म्हणाली.

"मासा वर येतो अशा पाण्यात," दादा म्हणाला. मग जरा चालून म्हणाला, "बरं नसतंच."

शहराच्या वेशीपाशी ते एका दुमजली घरावरून आले होते. खाली आता रंगाचं दुकान होतं, पण वरच्या खिडकीवर अजून पुसट पाटी होती, दातांच्या डॉक्टरांची. त्या घरावरून जाताना घरातल्या कोणीही मामाची नक्कल केल्याशिवाय पुढे जायचं नाही, असा जणू नियमच होता. मामा म्हणजे आईचा भाऊ, बाबांच्या बोटीवरचा सुकाणूवाला. बाबा गेले त्या दिवशी मामा बोटीवर नव्हता, कारण आदल्या संध्याकाळी आईची दाढ दुखायला लागली. इतकी की ती भिंतीला डोकं टेकून बसली आणि भावाला म्हणाली, मला सकाळी शहरात ने, नाहीतर मी जीव देईन. मामा तिला घेऊन त्या खिडकीतल्या डॉक्टरांकडे गेला. बाबा एकटे गेले. दुसऱ्या दिवशी बोट सापडली. इंजिन बंद, आकडा जागेवर, काठी फळीला टेकवून ठेवलेली, रिळावरचा दोरा संपेपर्यंत सुटलेला. कडेला पाण्यात सोडलेल्या टोपलीत बांगडे अजून गोल गोल फिरत होते. बाबा नव्हते.

मामा त्यानंतर चाळीस वर्षं जगला. लग्नकार्यात, बारशात, कुठेही चार माणसं जमली की तो आईकडे बोट दाखवून म्हणायचा, "लोकांना देव तारतो, मला ताईच्या दाढेने तारलं." सगळे हसायचे. आईही हसायची, म्हणजे पदर तोंडाला लावायची. एकदा मामाने हेही सांगितलं होतं की तो डॉक्टर आईला म्हणत होता, बाई, दाढ तर मला धडधाकट दिसते. आणि आई म्हणाली होती, दुखते ती मला, तुम्हाला नाही, काढा. यावर तर लोक जास्तच हसायचे.

आई गेल्यावर तिची पत्र्याची पेटी धाकटीने आवरली. प्रार्थनेचं पुस्तक, बाबांचा एक फोटो, आणि कापसात गुंडाळलेली ती दाढ. पांढरीशुभ्र, मुळासकट, किडीचा एक ठिपका नाही. माणसं काय काय जपून ठेवतात, असं तिच्या मनात आलं होतं. तिने ती पुन्हा कापसात गुंडाळून पुस्तकाशेजारी ठेवली.

आज त्या घरावरून जाताना दादाने मान वर करून खिडकीकडे बघितलं, पण नक्कल केली नाही.

सहाव्या किलोमीटरच्या दगडाशी एका बाईची चहाची टपरी होती. धाकटी मटकन बाकावर बसली.

"दोन चहा," ती म्हणाली.

"मला अर्धाच," दादा म्हणाला.

टपरीवालीने त्याच्याकडे बघितलं. "अर्धा कप आजारी माणसाला देतात, काका."

"म्हणूनच मागतोय. आजारी पडायच्या आधी प्यावा."

त्याने कप डाव्या हाताने उचलला. अर्ध्या कपातला चहा कडेपर्यंत येत नाही, हात कितीही हलला तरी. धाकटीच्या हातातला कप तसाच राहिला. तिला बाबा आठवले. बाबांना घरात नेहमी अर्धा कप मिळायचा. आई दोनदा अर्धा अर्धा द्यायची, कधी पूर्ण भरून नाही. लहानपणी तिला वाटायचं, आई काटकसर करते.

"चहा निवतोय," दादा म्हणाला.

"दादा, कधीपासून?"

"पी आधी."

ते पुन्हा चालू लागले. पुढे भिंत वळते तिथे दगडांच्या पायऱ्या पाण्यात उतरतात. दादा तिथे थांबला. या वेळी खडा वगैरे काही सांगितलं नाही. नुसता बोटाने खाली दाखवू लागला, डाव्या.

भिंतीला चिकटून छोट्या माशांचा थवा होता. हजारो असतील. इतके दाटून की पाणी काळं दिसत होतं. ते कुठे जात नव्हते, खात नव्हते. सगळे तोंडं दगडाकडे करून थरथरत होते. त्या थरथरीने वरचं सपाट पाणी जागच्या जागी शहारत होतं, पावसाचा एकही थेंब नसताना.

"खाली कोणीतरी आहे," दादा म्हणाला.

धाकटीने वाकून बघितलं. थव्याच्या पलीकडे पाणी हिरवट काळं होतं, त्यात काही दिसलं नाही. तिने नकळत देवाचं नाव घेतलं. मनात ती मोजूही लागली. तिसऱ्याला ती थांबली.

तेव्हा दादाने उजवा हात खिशातून काढला आणि तिच्या पुढे धरला. बाकीची चार बोटं स्थिर होती. पहिलं बोट थरथरत होतं, बारीक, एकसारखं, अगदी खालच्या पाण्यासारखं.

"आता सांग," तो म्हणाला. "ते थरथरतायत की मी?"

तिने ते बोट आपल्या मुठीत धरलं. मुठीतही ते थांबेना, पकडलेल्या पाखरासारखं.

"दोन पावसाळे झाले," दादा म्हणाला. "आधी महिन्यातून एकदा यायचं. मला वाटायचं चिठ्ठी आली. दोरा सोडायचो, दहा वेळा नाव घ्यायचो, ब्रेक लावायचो, आणि वर काय, तर तो बांगडा, जिवंत, माझ्याकडे बघतोय. दाजी म्हणायचा, दादा, मासा शहाणा झालाय. मी म्हणायचो, हो."

"आणि त्या दिवशी?"

"बसू या."

ते पायऱ्यांवर बसले. पायाशी तो थवा शहारत होता. दादाने हात पुन्हा खिशात घातला आणि समुद्राकडे बघत सांगितलं. त्या दिवशी कुपा लागला, गेल्या दहा वर्षांत लागला नव्हता एवढा. तीन तास झुंजला. मग बोटीला आला, आडवा झाला. दाजी आकडा घेऊन वाकला. दादाच्या बोटात शहारा आला. "मागे हो." दाजी मागे पडला. मासा हलला नाही. पुन्हा दोरा ओढला, दाजी वाकला, पुन्हा शहारा. "मागे हो." असं पाच वेळा झालं. पाचही वेळा शहारा बोटाचा होता, माशाचा नव्हता.

"सहाव्या वेळी मी ओरडलो. तो मागे झाला नाही. मला म्हणाला, दादा, आज तुझा पोस्टमन चिठ्ठ्या चुकीच्या घरी टाकतोय. हसत होता. हसता हसता त्याने आकडा घातला आणि मासा उसळला."

धाकटीचा हात तोंडावर गेला.

"कमरेपर्यंत गेला होता पाण्यात. मी पट्टा धरला. आकडा गालातून निसटला म्हणून, नाहीतर माझ्या हातात पट्टाच राहिला असता. वर आला, पाणी ओकला, आणि पहिलं वाक्य काय म्हणाला माहीत आहे? म्हणाला, तू सांगत होतास, मीच ऐकलं नाही. चूक माझी. घरी पाय घसरला सांगू."

"आणि तू?"

"मी म्हणालो, बरं."

तिला राग आला होता, आणि कोणावर काढावा ते समजत नव्हतं. मिठाची पुरचुंडी आठवली. पाय कुठे ठेवावा कळत नाही, असं ती नवऱ्याला म्हणाली होती. तो ताकास तूर लागू न देता ऐकून घेत होता.

"त्यांना सांगून टाक," ती म्हणाली. "आज. घरी गेल्या गेल्या."

"सांगितलं तर काय करेल?"

ते तिलाच जास्त माहीत होतं. दाजी म्हणेल, एवढंच ना? तू शंभर वेळा मागे म्हण, मी शंभर वेळा मागे होतो, पडायला काय लागतं. आणि आकड्याची दोरी मनगटाला आणखी एक वेढा देऊन निघेल. बावीस वर्षांच्या सोबत्याला बोट थरथरतं म्हणून किनाऱ्यावर सोडून जाणाऱ्यातला तो नव्हता. त्यासाठीच तिने त्याच्याशी लग्न केलं होतं, असं म्हटलं तरी चाललं असतं.

"शंभर वेळा पडेल," दादा म्हणाला, तिने मनात म्हटलेलं ऐकल्यासारखा. "एकशे एकाव्या वेळी दमेल. माणूस आहे."

"मग तू जाऊ नकोस. झालं. पुष्कळ मासे मारलेस."

दादा हसला, डॉक्टरांसमोर हसला होता तसा.

"मला उद्या जायचंय. एकदा. चिठ्ठी वाचता येते का बघायचंय, बोटीत दुसरा जीव नसताना. चुकली तर बांगडा फुकट गेला, एवढंच."

"एवढंच?" तिचा आवाज चढला. "एकट्याने मोठा मासा बोटीत कोण घेतो? काठी कोण धरणार, आकडा कोण मारणार? की मासा म्हणेल, थांब हं हळूशेठ, मीच चढतो वर?"

"नाही घेणार. लागला की दोरा कापीन. मला फक्त लागलेला कळायला हवा."

"आणि परत येशील."

"येईन."

"बाबाही असंच म्हणाले असतील."

"नाही," दादा म्हणाला. "बाबा आईला तसं काही म्हणाले नव्हते."

त्याने हे इतक्या सहज म्हटलं की तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती वळून त्याच्याकडे बघू लागली. दादा पायाशी असलेल्या पाण्याकडे बघत होता.

"तुला काय माहीत, काय म्हणाले होते?"

"मी बारा वर्षांचा होतो. दाराआड उभा होतो. बाबा स्वयंपाकघरात उभे, हातात तो अर्धा कप. आईला म्हणाले, उद्या तुझ्या भावाला घरी ठेव. आईने विचारलं, काय सांगून? बाबा म्हणाले, काहीही सांग. मग आई बराच वेळ पातेलं घासत बसली. घासलेलंच पातेलं." तो थांबला. "संध्याकाळी तिची दाढ दुखायला लागली."

धाकटीच्या डोळ्यांपुढे कापसातली ती दाढ आली. पांढरी, मुळासकट. एक ठिपका नाही. आणि त्या शेजारचं प्रार्थनेचं पुस्तक, जे आई रोज उघडायची आणि उघडून नुसती बसायची. लग्नकार्यातलं ते सगळं हसू तिच्या कानात एकदम आलं, मामाचं सगळ्यात मोठं, आणि त्यात तोंडाला पदर लावलेली आई. चाळीस वर्षं.

"तू मला हे आज का सांगतोयस?" ती म्हणाली. पण का ते तिला ठाऊक होतं, आणि तिने हेही ओळखलं होतं की बस का चुकवली, डॉक्टरांकडे तिलाच का आणलं.

"मी खोटं बोलत नाही, दादा," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

"सकाळी डोळे तपासायला आलीस ना?"

पायऱ्यांच्या खाली काहीतरी झालं. थवा एकदम फुटला, मूठभर खडी फेकावी तसा पाण्यावर उडाला, आणि पाणी रिकामं झालं. मोठं काही दिसलं नाही. एक खोलगट भोवरा तेवढा फिरला आणि मिटला. पाणी पुन्हा तेलासारखं गप्प.

दादा उठला. डाव्या हाताने त्याने तिला उठायला हात दिला. ती उठली. बंदराचे पहिले दिवे लागायला अजून अवकाश होता. पण वळणापलीकडे त्यांच्या घरांची छपरं दिसत होती, आणि त्यांतल्या एका दारात बसून दाजी आकड्याला धार लावत असणार. इतक्या गप्प हवेत कानशीचा आवाज इथवर येईल असं तिला वाटलं.

"उद्या त्याला घरी ठेव," दादा म्हणाला. "एवढं माझं कर. काहीही सांग. फक्त दाढ नको सांगू, धाकटे. एक चांगली दाढ या घराने आधीच दिली आहे."